शेजारच्या दीर्घिकांतले नोव्हा : वाचकांचे प्रश्न

दुर्बीण आणि कॅमेरा हाताशी असलेल्या वाचकांनी आपल्या आकाशगंगेबाहेरचे नोव्हा शोधण्याबद्दल विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असेल तिथे ती एकदाच छापली आहे.

प्रश्न : माझ्याकडे २० सेंमी आरशाची, ८०० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण आणि थंड करता येणारा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आहे. एवढ्यावर देवयानी दीर्घिकेतला नोव्हा सापडू शकतो का? की मोठ्या सर्वेक्षणांनी आता काही शिल्लकच ठेवलेले नाही?

सापडू शकतो. आधी प्रकाशाचा हिशेब पाहू. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. एवढ्या अंतरामुळे ताऱ्याची निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून दिसली असती ती तेजस्विता) आणि आपल्याला दिसणारी प्रत (आकडा जितका मोठा तितका तारा मंद) यांत साधारण २४.४ चा फरक पडतो. नोव्हा म्हणजे जोडताऱ्यातल्या श्वेत बटूवर (विझलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्यावर) साचलेल्या हायड्रोजनचा भडका. ऐन भरात त्याची निरपेक्ष प्रत बहुधा −७ ते −८.५ असते. म्हणजे एम ३१ मधला नोव्हा आपल्याला १६ ते १७.५ प्रतीचा दिसणार, मधल्या धुळीमुळे किंचित मंद. एखादा फारच दांडगा निघाला तर १५ पर्यंत येतो, काही जेमतेम १८ ला टेकतात.

तुमच्या दुर्बिणीने अंधाऱ्या आकाशाखाली अर्ध्या तासाच्या एकूण एक्सपोजरमध्ये १८.५ ते १९ प्रत गाठता यावी. अट एकच, जागा गाभ्यापासून दूर हवी. गाभ्यापाशी दीर्घिकेचाच उजेड इतका असतो की त्याच चित्रात १७ प्रतीचा ठिपकाही बुडून जातो. त्याचा उपाय पुढे येईलच.

सर्वेक्षणांचे म्हणाल, तर त्यांचा आवाका मोठा आहे. झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी हे सर्वेक्षण कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या १.२ मीटर दुर्बिणीतून एका चित्रात ४७ चौरस अंश आकाश टिपते. पण ही यंत्रणा सगळ्या आकाशासाठी बांधलेली आहे. एम ३१ च्या उजळ गाभ्यात तिची आपोआप होणारी वजाबाकी (आजच्या चित्रातून जुने चित्र वजा करून नवे ठिपके शोधणे) अडखळते, आणि वेधशाळेवर ढग आले की ती रात्र गेलीच. एम ३१ मध्ये वर्षाला सुमारे ६५ नोव्हा होत असावेत असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. प्रत्यक्षात सापडतात त्याहून बरेच कमी. उरलेले गाभ्याच्या उजेडात, धुळीच्या पट्ट्यांमागे, दोन निरीक्षणांच्या मधल्या फटीत किंवा एप्रिलच्या आसपास दीर्घिका सूर्याजवळ असते त्या आठवड्यांत निसटतात. रोज संध्याकाळी तीच दीर्घिका टिपणाऱ्या माणसाला जागा आहे ती इथेच.

प्रश्न : सुरुवात कोणत्या दीर्घिकेपासून करावी?

उत्तर गोलार्धात असाल तर एम ३१. दुसरे उत्तर देण्याचे कारण नाही. ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री मध्यमंडलावर, म्हणजे आकाशात सर्वांत उंच, येते आणि जुलैअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत कामाची असते.

एम ३३ ही दीर्घिका त्याहून किंचितच दूर आहे, पण तिथे नोव्हाचे प्रमाण वर्षाला दोन-तीन एवढेच. शिवाय तिचे हात निळे तारे आणि वायूच्या गाठींनी भरलेले आहेत, त्यामुळे खोटे ठिपके भरपूर. एम ८१ ही दीर्घिका सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. नोव्हा तिथे पुष्कळ होतात, पण दिसतात १८ ते २० प्रतीचे आणि त्याहूनही मंद. ३५ सेंमीच्या खाली तिच्या वाटेला जाऊ नये. दक्षिण गोलार्धातून मोठा मॅगेलन मेघ हाताशी आहे. तिथला नोव्हा १० ते १२ प्रतीचा असतो, साध्या टेलिफोटो लेन्सने दिसतो. मात्र वर्षाला दोन-तीनच होतात आणि मेघाचा पसारा मोठा आहे.

प्रश्न : कोणता फिल्टर वापरावा? काही जण एच-अल्फाच हवा म्हणतात, काही जण फिल्टरच नको म्हणतात.

दोघांचेही बरोबर आहे, फक्त त्यांना हवे ते वेगळे आहे. भडका उडाल्यावर पहिले काही दिवस नोव्हा सर्व रंगांत तळपतो. फिल्टरशिवाय किंवा लाल फिल्टरमधून तो तेव्हाच सापडतो, आणि भडका नेमका कधी उडाला हेही कळते. पुढे पसरणारे कवच पातळ होत जाते, अखंड प्रकाश ओसरतो, पण हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा, म्हणजेच एच-अल्फा, कित्येक आठवडे, कधी महिने झळकत राहते. गाभ्यातल्या ताऱ्यांचा प्रकाश एच-अल्फा फिल्टर बहुतेक अडवतो, त्यामुळे गाभ्यातला नोव्हा त्यात उठून दिसतो. चांदण्या रात्रीही काम चालते. तोटा एवढाच की सापडतो तेव्हा तो ताजा आहे की महिन्यापूर्वीचा, हे त्या एका चित्रावरून सांगता येत नाही.

फिल्टरची रुंदी मात्र नीट पाहून घ्या. बाहेर फेकला गेलेला वायू सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात, कधी त्याहून वेगाने पसरतो. हजार किलोमीटर धरले तरी रेषा मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना २.२ नॅनोमीटर ताणली जाते. ३ नॅनोमीटरचा फिल्टर मधल्या जागेच्या दोन्हीकडे दीड-दीड नॅनोमीटरच सोडतो, म्हणजे रेषेच्या दोन्ही कडा कापल्या जातात. त्यात एम ३१ आपल्याकडे सेकंदाला ३०० किलोमीटर वेगाने येत असल्याने सगळी रेषा ०.६६ नॅनोमीटर निळ्याकडे सरकते. तेजोमेघांच्या देखण्या चित्रांसाठी लोक महागडे ३ नॅनोमीटरचे फिल्टर घेतात. या कामाला ६ किंवा ७ नॅनोमीटरचा स्वस्त फिल्टर जास्त बरा. एफ/४ सारख्या (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या चौपट असलेल्या) उघड्या दुर्बिणीत फिल्टरची खिडकी स्वतःच थोडी निळ्याकडे सरकते, ती एम ३१ साठी योग्य दिशेलाच सरकते हा योगायोग.

रंगीत कॅमेरा असेल तर तो विकू नका. तीनही रंग एकत्र करून एकच करडे चित्र बनवा आणि शोध त्यावर घ्या.

प्रश्न : एका रात्रीचे काम नेमके कसे करायचे? एक्सपोजर किती, किती चित्रे, आणि पुढे तुलना कशी?

६० सेकंदांची ३० चित्रे ही चांगली सुरुवात. ती एका दमात घेऊ नका. १५ आधी घ्या आणि उरलेली १५ किमान ४० मिनिटांनी. नोव्हासारखा दिसणारा मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या (सूर्याच्या विरुद्ध दिशेला असण्याच्या) सुमारास तासाला ३० आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास सरकतो, म्हणजे ४० मिनिटांत २० आर्कसेकंद. दोन गटांची चित्रे शेजारी ठेवली की तो लगेच उघडा पडतो. दर चित्रानंतर दुर्बीण दहा-पंधरा पिक्सेल इकडेतिकडे हलवा, नाहीतर तापलेला पिक्सेल सगळ्या चित्रांत एकाच जागी बसतो आणि स्टॅकमध्ये (सगळी चित्रे एकत्र करून बनवलेल्या चित्रात) सुरेख तारा बनून येतो. गाभ्यासाठी १० सेकंदांची २० चित्रे वेगळी घ्या. ६० सेकंदांत केंद्राजवळचे पिक्सेल भरून गेले असतील तर तिथली माहिती कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

८०० मिमी नाभीय अंतर आणि ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एका पिक्सेलमध्ये ०.९७ आर्कसेकंद येतात (२०६.२६५ गुणिले पिक्सेल मायक्रॉनमध्ये, भागिले नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये). हे प्रमाण उत्तम आहे. दोन आर्कसेकंदांच्या वर गेले की गाभ्यातले शेजारचे तारे एकमेकांत मिसळू लागतात.

डार्क (दुर्बीण झाकून घेतलेले चित्र) आणि फ्लॅट (एकसारख्या उजेडाचे चित्र) वगळू नका. आकाशाचा फ्लॅट त्याच रात्रीचा, कॅमेरा न फिरवता घेतलेला हवा.

आता तुलना. या कामाचा कणा म्हणजे संदर्भचित्र, आणि बहुतेकांचे अडते ते इथेच. इंटरनेटवरून उतरवलेल्या सुंदर चित्राशी तुलना करू नका. दुर्बीण तीच, कॅमेरा तोच, फिल्टर तोच, आणि हवा सर्वांत स्थिर होती अशा चार-पाच रात्रींचा स्टॅक, असे स्वतःचे संदर्भचित्र बनवा. ते मागच्या हंगामातले असावे. गेल्या आठवड्यातल्या चित्रांतून बनवले तर तेव्हाच उजळत असलेला नोव्हा संदर्भातही असणार, आणि वजाबाकीत तो अर्धामुर्धा पुसला जाणार. मागच्या हंगामातल्या संदर्भात तेव्हाचे नोव्हा असतात, ते वजाबाकीत काळे ठिपके होऊन दिसतात. त्यांची यादी एकदा करून ठेवली की पुन्हा दचकायला होत नाही.

दोन्ही चित्रे ताऱ्यांवरून जुळवा. सिरिलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सहज होते. मग दोन वाटा आहेत. साधी वाट : ताऱ्याच्या रुंदीच्या पाच-सहा पट आकाराचा मीडियन फिल्टर लावून दीर्घिकेचे धूसर रूप बनवा आणि ते मूळ चित्रातून वजा करा. गाभ्याचा उजेड गळून पडतो, उरतात ठिपके. आता आजचे चित्र आणि संदर्भ आलटून पालटून पडद्यावर दाखवत राहा. डोळा हे काम आश्चर्य वाटावे इतके चांगले करतो. दुसरी वाट म्हणजे हॉटपँट्ससारखा प्रोग्रॅम. तो स्पष्ट चित्राला अस्पष्ट चित्राइतके पसरवतो आणि मगच वजा करतो. गाभ्याच्या पाच आर्कमिनिटांच्या आत दुसरी वाटच खरी.

वजाबाकी बिघडली की ती स्वतःच सांगते काय बिघडले. प्रत्येक ताऱ्याच्या जागी अर्धा पांढरा, अर्धा काळा ठिपका असेल तर जुळणी चुकली आहे. काळ्या कड्यात पांढरा ठिपका किंवा उलटे असेल तर ताऱ्यांची रुंदी जुळलेली नाही. चित्राच्या एकाच कोपऱ्यात गडबड असेल तर कॅमेरा किंचित तिरका बसला आहे, सॉफ्टवेअरशी भांडू नका.

प्रश्न : वजाबाकीत नवा ठिपका दिसला. तो नोव्हाच आहे हे कशावरून?

तो नोव्हा नाही असे धरून चालावे आणि कारणे एकेक करून संपवावीत.

दोन्ही गटांत, त्याच जागी, ताऱ्याइतक्याच रुंदीचा आहे का? एकाच चित्रात टोकदार ठिपका असेल तर तो वैश्विक किरण. शेजारच्या ताऱ्यांपेक्षा फुगीर असेल तर परावर्तन असू शकते. एम ३१ च्या गाभ्यापासून सव्वा अंशाच्या आसपास पूर्वेला साडेचार प्रतीचा न्यू अँड्रोमेडी आहे, आणि तो चौकटीच्या जरा बाहेर असला तरी काचांमधून त्याचे प्रतिबिंब आत येते. चौकट थोडी सरकवून पुन्हा चित्र घ्या, ठिपका वेगळा सरकला तर तो आकाशातला नाही.

मग लघुग्रह. एम ३१ क्रांतिवृत्तापासून (आकाशातल्या सूर्याच्या वाटेपासून) ३३ अंशांवर असल्याने तिथे ते विरळ, एम ३३ मध्ये त्याहून जास्त सापडतात. मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर स्थान आणि वेळ टाकली की जवळपासचे ज्ञात लघुग्रह कळतात. मंद गतीच्या लघुग्रहाला ४० मिनिटे पुरत नाहीत, म्हणून दुसऱ्या रात्रीचे चित्र सोन्यासारखे.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे चलतारा. एम ३१ मधले दीर्घकालिक तांबडे तारे वर्षभरात मंदावतात आणि उजळतात. मागच्या हंगामातल्या संदर्भात तो तळाला असेल आणि आज माथ्यावर, तर नवाच वाटतो. पॅन-स्टार्स या सर्वेक्षणाच्या चित्रांत त्या जागी आधीच तारा आहे का ते पाहा. एम ३१ मधल्या नोव्हाचा मूळ तारा जमिनीवरच्या दुर्बिणींतून सहसा दिसतच नाही, त्यामुळे तिथे २० प्रतीचा लालसर तारा बसलेला असेल तर संशय घ्या. हा घोळ थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्राच्या काचेवर खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलने नोव्हा समजून एका ठिपक्यापाशी ‘एन’ लिहिले होते. जुन्या काचा काढून ताडून पाहिल्यावर तो ३१.४ दिवसांच्या आवर्तनाचा सेफीड (आवर्तनावरून अंतर सांगणारा चलतारा) निघाला. हबलने ‘एन’ खोडून ‘व्हार!’ (चलतारा) लिहिले, आणि त्यातून देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे सिद्ध झाले. तुमचा चलतारा एवढा मोलाचा असेलच असे नाही.

शेवटी, आधी कोणी कळवला आहे का? नव्या ठिपक्यांची नोंद ठेवणाऱ्या ट्रान्झियंट नेम सर्व्हर या संकेतस्थळावर पाच आर्कसेकंदांच्या वर्तुळात शोध घ्या. दोन-तीन महिने मागपर्यंत जा, कारण सावकाश मंदावणारा नोव्हा तितके दिवस टिकतो.

प्रश्न : शोध कळवायचा कुठे, आणि त्यात काय काय द्यायचे?

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेच्या वतीने २०१६ पासून ट्रान्झियंट नेम सर्व्हर अधिकृत नोंद ठेवतो. खाते मोफत उघडता येते. नोंद झाली की ‘एटी’, वर्ष आणि पुढे अक्षरे असे नाव मिळते. एम ३१ च्या नोव्हांना याशिवाय ‘एम३१एन’, वर्ष, महिना आणि त्या महिन्यातल्या क्रमाचे अक्षर अशीही नावे चालतात.

वेळ जागतिक वेळेत आणि दिवसाच्या दशांशात द्या. १२ ऑक्टोबरला १८ वाजून ३६ मिनिटे म्हणजे १२.७७५. चित्रांच्या मालिकेची मधली वेळ धरावी. स्थान गाया उपग्रहाच्या तारासूचीवर बसवलेले, अर्ध्या आर्कसेकंदाच्या आत अचूक हवे; ॲस्ट्रोमेट्रिका हा प्रोग्रॅम हे करून देतो. दीर्घिकेच्या केंद्रापासूनचे अंतरही देण्याची पद्धत आहे, आणि त्यात हमखास एक चूक होते. समजा ठिपका विषुवांश (आकाशातला पूर्व-पश्चिम निर्देशांक) ०० ता ४२ मि ५०.०० से, क्रांती (उत्तर-दक्षिण निर्देशांक) +४१° १८′ ००.०″ वर आहे. एम ३१ चे केंद्र ०० ता ४२ मि ४४.३५ से, +४१° १६′ ०८.६″. विषुवांशातला फरक ५.६५ सेकंद, गुणिले १५ म्हणजे ८४.७५. याला क्रांतीच्या कोज्येने (कोसाइनने), इथे ०.७५ ने, गुणायचे राहून जाते. गुणल्यावर येतात सुमारे ६४ आर्कसेकंद पूर्वेला, आणि उत्तरेला १११.

सर्वांत मोलाचा रकाना बरेच जण रिकामा सोडतात : ठिपका शेवटचा कधी नव्हता, आणि त्या चित्रात किती प्रतीपर्यंत दिसत होते. ‘काल रात्री १९ प्रतीपर्यंत काही नव्हते’ या एका ओळीवरून मोठ्या दुर्बिणीवाला ठरवतो की वर्णपट आजच घ्यायचा की नाही. नोव्हा असल्याचा निकाल वर्णपटच देतो. त्यात रुंद हायड्रोजन रेषा असतात, आणि सोबत आयनित लोहाच्या आहेत की हीलियम-नायट्रोजनच्या, त्यावरून प्रकार ठरतो. एम ३१ मध्ये दर पाचांतले साधारण चार लोहाच्या प्रकारचे.

प्रश्न : माझी प्रत इतरांपेक्षा अर्ध्या प्रतीने वेगळी का येते?

दोन कारणे. एक, ठिपक्याभोवतीचे वर्तुळ घेऊन आकाशाचा उजेड वजा करताना गाभ्याचा उतार मध्ये येतो : एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला कमी. प्रत मूळ चित्रावर न मोजता वजाबाकीच्या चित्रावर मोजा. दोन, फिल्टरशिवाय घेतलेले चित्र हिरव्या प्रकाशातल्या प्रतींशी जुळवले जाते. फिल्टर नसेल तर गायाच्या जी प्रती घ्या आणि तसे लिहा. नोव्हा एच-अल्फात तळपत असेल तर लाल फिल्टरमध्ये तो खरोखरच जास्त उजळ असतो, तो फरक चूक नव्हे.

प्रश्न : दरवर्षी भडकणारा नोव्हा एम ३१ मध्ये आहे म्हणतात. तो छोट्या दुर्बिणीतून धरता येईल?

एम३१एन २००८-१२ए. डिसेंबर २००८ मध्ये तो प्रथम लक्षात आला. तिथला श्वेत बटू वजनाच्या कमाल मर्यादेच्या इतका जवळ आहे की थोडे इंधन साचले तरी भडका उडतो, आणि म्हणून तो वर्षाला सुमारे एकदा होतो. पण दिनदर्शिकेवर भरवसा नको : २०१५ मध्ये तो ऑगस्टअखेरीस आला, २०१६ मध्ये थेट डिसेंबरच्या मध्याकडे, आणि २०१७ मध्ये वर्षाच्या शेवटच्या दिवशी.

अडचणी दोन. ऐन भरात तो १८.५ प्रतीचा असतो आणि दोन प्रती ओसरायला त्याला जेमतेम दोन दिवस लागतात. एक रात्र चुकली की तो गेला. २० सेंमीला हे काठावरचे आहे, ३० सेंमीला जमण्यासारखे. दुसरी, तो गाभ्याच्या ईशान्येला ४९ आर्कमिनिटांवर आहे, विषुवांश ०० ता ४५ मि २८.८ से, क्रांती +४१° ५४′ १०″. गाभा मध्यभागी धरलेल्या चौकटीत तो बहुधा येतच नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी चौकट ठरवून तिचे वेगळे संदर्भचित्र बनवा. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत दर स्वच्छ रात्री ६० सेकंदांची ४० चित्रे, फिल्टरशिवाय. ठिपका दिसला तर दुसऱ्या रात्रीची वाट न पाहता त्याच रात्री दुसरा गट घ्या आणि लगेच कळवा. जागा आधीच ठाऊक असल्याने इथे लघुग्रहाची शंका दोन गटांत मिटते, आणि वर्णपट घेणाऱ्यांच्या हातात काही तासच असतात.